श्वासाचा परवाना

"आमटीऽऽत मीऽऽठ... कमी हाय मंडळीऽऽ!"

ही घोषणा आमच्या स्वयंपाकघरात झाली, आणि भिंतीपलीकडून कदमकाकूंनी ओरडून विचारलं, "कोमल, वाटीत घालून पाठवू का गं मीठ?"

माझे सासरे ताटावर मान घालून बसले. त्यांना ओरडायचं नव्हतं. सुनेला हळूच सांगायचं होतं. पण त्यांच्या गळपट्टीला हळूच हा प्रकारच ठाऊक नव्हता.

ज्योतिराम मदने. गाव त्यांना आण्णा म्हणतं, मी मामा म्हणते. तीस वर्षं सांगली-कोल्हापूरकडची कुस्तीची मैदानं या माणसानं माईकवर गाजवली. मल्लानं पटाचा डाव काढायच्या आत मामांनी तो लोकांना दाखवलेला असायचा. मग घशात गाठ निघाली आणि डॉक्टरांनी अख्खी स्वरपेटी काढली. मी तंबाखूला शिव्या घालते, मामा मैदानावरच्या धुळीला. आता ते गळ्याच्या खालच्या अंगाला पाडलेल्या भोकातून श्वास घेतात आणि गळपट्टीतून बोलतात.

गळपट्टी आमच्या कंपनीची. माझं नाव कोमल आहे ही आईबापांची चूक. बी.कॉम. मी अर्ध्यात सोडलं, प्रोग्रॅमिंग फुटक्या काचेच्या मोबाइलवर शिकले, आणि हे ऐकून ज्यांच्या भुवया वर जातात त्यांनी त्या वरच ठेवाव्यात. गळपट्टीचा कर्नल आम्ही लिहितो. कर्नल म्हणजे यंत्राचा गाभा, सगळ्यात आतला प्रोग्रॅम. कुणी कधी बोलायचं, कुणी थांबायचं, कुणाला कुठलं दार उघडायचं, हे तो ठरवतो.

गळपट्टीचं तत्त्व सोपं आहे. माणूस बोलतो तेव्हा जिभेच्या आणि गळ्याच्या स्नायूंना मेंदूकडून हुकूम जातात. स्वरपेटी गेली तरी हुकूम येतच राहतात. पट्टी ते कातडीवरून टिपते, त्यांचे शब्द करते आणि त्या माणसाच्या जुन्या आवाजात बोलून दाखवते. मामांचा जुना आवाज मिळाला तो सगळा मैदानांच्या रेकॉर्डिंगमधून. घरात कोण कुणाचा आवाज साठवून ठेवतं? त्यामुळे आमच्याकडे चहा मागितला जातो तोही अंतिम कुस्ती पुकारल्यासारखा.

एवढ्यावर भागलं असतं तर आम्ही हसत जगलो असतो. पण माणूस मनात बोलतो तेव्हाही तेच स्नायू बारीकसे थरथरतात. म्हणजे पट्टीला मनातलंही ऐकू येतं. सुरुवातीच्या चाचणीत एका बाईंच्या तोंडून सख्ख्या जावेबद्दलचं मनातलं भर बारशात बाहेर पडलं आणि ते घर दुभंगलं. तेव्हापासून आमच्या प्रमुख, वरदा दीक्षित मॅडम, यांनी नियम केला. पट्टीत येणाऱ्या प्रत्येक थरथरीवर शिक्का मारायचा, ‘बोलायचं’ किंवा ‘मनातलं’. याला आमच्या धंद्यात टाइप म्हणतात. मी मराठीत जात म्हणणार होते, पण त्या शब्दाचा आमच्याकडे इतका घाण वापर झालाय की प्रकारच म्हणू. एका प्रकारची गोष्ट दुसऱ्या प्रकारच्या दारातून जाऊ द्यायची नाही, इतकंच. मॅडमनी कर्नलच्या दारादारावर पहारा बसवला. थरथर टिपणाऱ्या भागानं शिक्का बघायचा, शब्द जुळवणाऱ्यानं बघायचा, आवाज काढणाऱ्यानं परत बघायचा.

यात वेळ जातो. डोळ्याची पापणी लवायला लागतो तेवढाच. पण फोनवर आपलाच आवाज जरा उशिरा कानावर पडला की आपण कसे अडखळतो ते आठवा. बाजारात भाजी घेणाऱ्याला तेवढं चालून जातं. कुस्तीच्या निवेदकाला नाही. मामा वेग धरायला गेले की मागून येणारा स्वतःचाच आवाज त्यांना पाय घालायचा.

"शर... शर... शरयूनंऽऽ घि... घिस्सा..."

हे आमच्या घराच्या सोप्यात, यात्रा कमिटीच्या बाळूतात्यांसमोर झालं. तात्या खुर्चीत चुळबुळले.

"आण्णा, मनाला लावून घेऊ नका. बिरोबाच्या यात्रेला यंदा सगळा मुलुख येणार. आता सगळीकडं मशीनचं निवेदन असतंय. चार क्यामेरे लावले की ते आपलं आपण बोलतंय. तुमच्यासाठी स्टेजवर मानाची खुर्ची हाय की!"

"खुर्चीऽऽ तुझ्याऽऽ..." मामांनी सुरुवात केली आणि सुनेकडे बघून थांबले.

मशीनला मामांचा विरोध होता आणि तो जुनाट माणसाचा रुसवा नव्हता. मागच्या साली शेजारच्या गावात मशीननं निवेदन केलं होतं. क्यामेऱ्यानं मोजलं, मशीननं सांगितलं, ‘निळ्या लांगवाल्या मल्लाचा उजवा खांदा कमजोर पडतो आहे.’ समोरच्यानं ऐकलं आणि खांदाच धरला. पोरगा अजून हात वर करत नाही. मशीन खोटं बोललं नव्हतं, आणि तोच त्याचा गुन्हा. निवेदक डाव सांगतो, दुखणं सांगत नाही. ते त्याला लाख दिसलं तरी. कारण आखाड्यातल्या दोघांनाही कान असतात. हा कायदा कुठं लिहिलेला नाही, पण मामांनी तीस वर्षांत एकदाही मोडला नाही.

यंदाची शेवटची कुस्ती शरयू खरातची होती, कागलच्या रुद्राणीशी. शरयू आमच्या गल्लीतली. आईबाप ऊसतोडीला गेले की लहानपणी ती आमच्याकडंच जेवायची, आणि भाकरीचे तुकडे पाडून मामांना विचारायची, "आण्णा, मी पैलवान झाल्यावर माझं नाव माईकवर घ्याल का?" मामांनी शब्द दिला होता. ते माईकवर नसतील तर तिच्या डोक्यावर ते मशीन बोलणार होतं.

"तात्या," मी म्हटलं, "यात्रेआधी मामांची परीक्षा घ्या. अडखळले तर मशीन आणा."

तात्या गेल्यावर मामा माझ्याकडे बघत राहिले. "काय गं? काऽऽय करणाऽऽर तूऽऽ?"

"पहारेकरी हाकलते," मी म्हटलं.

आणि हाकलले. कंपनीला न विचारता मामांच्या पट्टीतले सगळे पहारे काढले. प्रोग्रॅम वाऱ्यासारखा पळायला लागला. जेवायला बसलो. माझा नवरा संपत नुकताच दुधाचा टँकर लावून आला होता.

"वाढ गं पोरी," मामा म्हणाले, आणि लगेच त्याच दमात, "वांगं करपलंयऽऽ. संपत्या पोट सुटलंयऽऽ, बापावर न्हाई गेलंऽऽ. कदमीण ऐकत असंलऽऽ, कायम ऐकतीयाऽऽ..."

संपत हसून ठसकला. मीही हसले. मामांनी घाबरून तोंडावर हात धरला. पण आवाज तोंडातून कुठं येत होता?

"हीऽऽ असती तर वांगंऽऽ... ही असतीऽऽ तर... पारूऽऽ..."

सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली होती. मामांनी त्यांचं नाव घेतलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. आणि ते असं, मैदानात नाव पुकारल्यासारखं, भिंतीपलीकडं जाईल असं. मामांनी पट्टी सोडली, ताटाशेजारी ठेवली आणि उठून गोठ्याकडे गेले.

त्यानंतर त्यांनी पट्टी घातलीच नाही. काही हवं असलं की ताटावर चमचा वाजवायचे. मी माफी मागितली तर माझ्या डोक्यावर हात ठेवला. राग नव्हता, पण पट्टीही नव्हती. माणसाच्या मनाला दार असतं. मी ते बिजागरीसकट उपटलं होतं, तेही प्रेमानं.

मी मॅडमकडे गेले आणि सगळं सांगितलं. त्या चष्मा पुसत राहिल्या.

"तुला आत्ता घरी पाठवायला हवं, कोमल."

"पाठवा. पण आधी भांडू द्या. तुमचे पहारे माणसाला मुका करतात. मी काढले तर माणूस नागडा होतो. तुमची अक्कल आणि माझी, दोन्ही अर्ध्या."

"शिक्का बघितल्याशिवाय दार उघडणार नाही. त्यावर चर्चा नाही."

"बघा की शिक्का! पण कितीदा?"

"जितकी दारं, तितक्यांदा. आतल्या एखाद्या भागानं चूक केली तर?"

"मग तो भाग चूक करूच शकणार नाही असा लिहू. तो कंपायलर कशाला पोसलाय?"

हे जरा समजावून सांगते. आम्ही लिहितो ती भाषा माणसाला कळणारी. कंपायलर ती यंत्राच्या भाषेत उतरवतो, आणि उतरवण्याआधी तपासतो. ‘मनातलं’ जिथं ‘बोलायचं’च्या जागी ठेवलं असेल तिथं तो अडून बसतो, उतरवतच नाही. ही तपासणी एकदाच, कारखान्यात. पुढं चालत्या यंत्रात तिचा मागमूस राहत नाही. स्लॅब भरताना खाली फळ्या आणि टेकू लावतात. सिमेंट धरलं की टेकू काढायचे. स्लॅब उभा राहतो आणि घरात फिरताना टेकू पायात येत नाहीत. कडक तपासणी आणि वेगवान यंत्र यांचं वैर आहे असं म्हणणारे बहुतेक लोक टेकू न काढता घरात राहायला गेलेले असतात.

"पण कंपायलरला आपला प्रोग्रॅम कळतो," मॅडम म्हणाल्या. "तुझ्या सासऱ्यांचं मन कळत नाही. ही थरथर बोलायची की मनातली, हे चालू यंत्रातच, त्या माणसालाच विचारावं लागणार."

इथं त्या बरोबर होत्या.

उत्तर तालमीत मिळालं. यात्रेआधी कुस्त्या जोडतात. पंच दोन पोरं समोरासमोर उभी करतात, वजन बघतात, दंड चाचपतात, वस्तादांना विचारतात. जोड पटली नाही तर दोघांनाही परत पाठवतात. मी शरयूला डबा द्यायला गेले होते आणि बघत उभी राहिले. सगळी हुज्जत आखाड्याच्या कडेला. एकदा जोड लागून पाय लाल मातीत पडला की मध्ये येऊन कुणी वजन विचारत नाही. मी तो डबा तिथंच कट्ट्यावर विसरले. शरयू उपाशी राहिली आणि नंतर मला शिव्या घातल्या.

निवेदकाची कड कुठली? श्वास. मामांचा श्वास आता गळ्यातल्या भोकातून जातो, आवाजाशी त्याचं नातं तुटलंय. पण छातीची सवय गेली नव्हती. माईकवर बोलायचं असलं की मामा आधी छाती भरून घेतात. मनात बोलताना कुणी छाती भरत नाही. मग छातीला एक पातळ पट्टा लावायचा. श्वास भरला की तिथं एकदाच विचारायचं, बोलायचं का? भरलेली छाती म्हणजेच हो, आणि त्यावर एक परवाना. त्या एका श्वासापुरता. परवान्याशिवाय आवाज काढणारी ओळ कुणी लिहिली, किंवा जुना परवाना लपवून पुन्हा वापरला, तर कंपायलर प्रोग्रॅम उतरवणारच नाही. आतली सगळी दारं पहाऱ्याशिवाय उघडी, तरी सुरक्षित.

मॅडमनी ऐकलं, खुर्ची ओढली आणि माझ्याशेजारी बसल्या. मला घरी पाठवायचं राहूनच गेलं. आम्ही दोघींनी भांडत, चहा गार करत ते लिहून काढलं. एका ओळीवरून मात्र शेवटपर्यंत जुंपली. मॅडमना हवं होतं की श्वास मध्येच सोडला तर परवाना तिथंच मेला पाहिजे. त्यासाठी छातीवर सतत नजर ठेवावी लागते आणि थोडा वेळ जातो. फार थोडा, पण मामांचं एखादं अक्षर त्यात घसरलं असतं.

"काढा ती ओळ," मी म्हटलं. "निवेदक वाक्य अर्ध्यात सोडत नाही."

"निवेदक सोडत नसेल. माणूस सोडतो. माणसाला अर्ध्यात गप्प बसता आलं पाहिजे, कोमल."

"भाषण छान आहे. अक्षर घसरलं तर तात्या मशीन आणतील."

"एक अक्षर घसरू दे. ओळ राहील."

ओळ राहिली. मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही.

मामांपुढं पट्टी ठेवली तेव्हा सगळं खरं सांगितलं. "मामा, श्वास भरला नाही तोवर मनातलं तुमचं. पण एकदा भरलात की त्या श्वासात जे जिभेवर येईल ते बाहेर पडणार. मग मी अडवू शकत नाही."

त्यांनी चमचा खाली ठेवला, पट्टी बांधली आणि छाती भरली. "श्वास माझा न्हवं काऽऽ? मग राखणबीऽऽ मीच करीनऽऽ!"

भिंतीपलीकडून कदमकाकू म्हणाल्या, "आला गं बाई रेडिओ!"

परीक्षेत मामांचं एक अक्षर घसरलं. तात्यांनी मान खाजवली आणि म्हणाले, "एवढं तर आमचंबी घसरतंय." मशीनला नकार गेला.

यात्रेच्या दिवशी भंडाऱ्यानं आभाळ पिवळं झालं होतं. वर फोटो काढणारे ड्रोन, खाली हलगी. मामा फेटा बांधून माईकपुढं उभे राहिले, हलगीच्या ठोक्यावर छाती भरली आणि सुटले. कसले सुटले! कुठल्या तालमीचा, कुणाचा पठ्ठ्या, आजा कुणाला हरवून आला होता, सगळं एका श्वासात. म्हातारी माणसं डोळे पुसत होती. मॅडम आयुष्यात पहिल्यांदा मैदानाला आल्या होत्या. त्या माझ्या मोबाइलवर पट्टीच्या नोंदी बघत होत्या, मग ते विसरून शिट्टी मारायला लागल्या. त्यांना शिट्टी येत नाही, पण तो वेगळा विषय.

शेवटची कुस्ती. शरयू आणि रुद्राणी. सलामी, खडाखडी, मानेवर हात. रुद्राणी उंचीला दांडगी, शरयू चपळ. "शरयूनंऽऽ हात सोडवलाऽऽ, रुद्राणी मागंऽऽ, आता एकेरी पटाची तयारी, आणि बघा मंडळीऽऽ, बघा हा डावाऽऽ—"

आणि मामा थांबले.

मैदान थांबलं. हजारो माणसं, आणि कर्ण्यातून नुसती खरखर. कुणीतरी ओरडलं, "मशीन बंद पडलं आण्णाचं!" बाळूतात्या स्टेजवरून माझ्याकडे धावत निघाले. मॅडमचा चेहरा पांढरा पडला. "कोमल, अडकलं का?"

मी मोबाइल हिसकावून घेतला. नोंदी स्वच्छ होत्या. यंत्र अडकलं नव्हतं. श्वास सोडला होता, परवाना संपला होता. मॅडमच्या ओळीनं तो संपवला होता.

मी मामांकडे पाहिलं. त्यांनी तळहात छातीवर दाबून धरला होता आणि डोळे शरयूच्या डाव्या पायावर खिळले होते. तेव्हा मलाही दिसलं. तीस वर्षं बघणाऱ्याला आधी दिसलं, मला ते दाखवल्यावर दिसलं. शरयू डाव्या गुडघ्यावर भार टाकत नव्हती. पोरीनं दुखणं सगळ्यांपासून लपवलं होतं. मामांना ते दिसलं तेव्हा छाती भरलेली होती आणि ‘डावा’च्या पुढचा तो शब्द जिभेच्या टोकाला आला होता. अजून एक क्षण श्वास धरला असता तर तो शब्द कर्ण्यातून मैदानभर गेला असता. रुद्राणीच्या कानापर्यंतही.

म्हणून त्यांनी श्वास सोडला. यात्रेतल्या सगळ्यात मोठ्या कुस्तीच्या ऐन भरात, सगळ्या मुलुखासमोर, त्यांनी स्वतःला मुकं केलं.

हलगीवाल्यानं काय ओळखलं कोण जाणे, त्यानं हलगी चढवली. मैदान पुन्हा ओरडायला लागलं. रुद्राणी पुढं झेपावली, शरयूनं उजव्या पायावर गिरकी घेतली, ढाक लावली, आणि पाठ लाल मातीला लागली ती रुद्राणीची.

या डावाचं निवेदन झालं नाही. मामांनी आयुष्यभर ज्याची वाट पाहिली, तो डाव त्यांनी गप्प राहून पाहिला. मग छाती भरली आणि फक्त तिचं नाव घेतलं. "शरयूऽऽ खराऽऽत!" शब्द पुरा झाला.

मॅडम माझ्याकडे बघत होत्या. मला काहीतरी म्हणायला हवं होतं. "शिट्टी मी शिकवीन तुम्हाला," मी म्हटलं. त्यांना ते पुरलं.

शरयू हसत स्टेजपाशी आली. अंगाला माती, नाकातून पाणी. मामांच्या पायाला हात लावला.

"आण्णा, मधीच का थांबलासा? मला वाटलं मशीन गेलं तुमचं."

मामांनी पट्टीला हात लावला. इथं बोलले असते तर अख्ख्या मैदानानं ऐकलं असतं. त्यांनी पट्टी सोडली, माझ्या हातात दिली, खाली वाकले आणि शरयूचा डावा गुडघा दोन्ही हातांत हलकेच धरला. तिच्या तोंडावरचं हसू गेलं. मग डोळे भरले.

"तुमाला दिसलं व्हय?"

मामांनी ओठ हलवले. आवाज नव्हता, पण ओठ वाचायला आम्ही सगळेच शिकलो होतो. ‘गप. घरी चल.’

मी पट्टी परत त्यांच्या गळ्यात बांधली. माईक अजून चालूच होता. मामांनी छाती भरली आणि सगळ्या मुलुखाला निरोप दिला.

"मंडळीऽऽ, मैदान संपलंऽऽ! शरयू आज आमच्याकडं जेवणारऽऽ! सूनबाईनं आमटी केलीयाऽऽ, आणि त्या आमटीतऽऽ मीऽऽ—"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि श्वास सोडला.

गर्दीत कुजबुज उठली, परत बंद पडलं वाटतं. बाळूतात्यांनी घाबरून विचारलं, "कोमल, चालतंय न्हवं ते?"

"चालतंय तात्या," मी म्हटलं. "एकदम बरोबर चालतंय."